समोरच्याचा उजवा हात

समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात कोणता, हे सांगताना आपण क्षणभर थबकतो. त्या क्षणात आपण मनाने त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. ही क्रिया साधी वाटते. पण ती जन्मतः येत नाही. ज्याँ पियाजे व बेर्बेल इन्हेल्डर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीन डोंगरांच्या प्रतिकृतीचा प्रयोग आहे. पलीकडे बसविलेल्या बाहुलीला काय दिसत असेल, असे विचारले की लहान मुले बहुधा स्वतःला दिसणारेच चित्र निवडत.

आता व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजेच आभासी वास्तवाचा, चष्मा आला आहे. इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली डोके वळेल तसे चित्र वळविणारे यंत्र दाखविले, तेच आज शाळा-महाविद्यालयांत येऊ लागले आहे. तो चष्मा चढवला की डोंगरापलीकडचे दृश्य आयते दिसते. मग मनाला तिकडे जाण्याचे कष्ट कशाला? धोका नेमका इथेच आहे.

डोळ्यांना दिसले म्हणजे मनाला उमगले, असे नव्हे. रोबर्टा क्लाट्झ्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली केलेला प्रयोग बोलका आहे. चालण्याचा व वळण्याचा आभास दाखवून, मूळ जागेकडे तोंड करा, असे त्यांनी लोकांना सांगितले. ज्यांनी वळण केवळ पाहिले त्यांची दिशा चुकली. ज्यांनी खरोखर अंग वळवले त्यांना ती साधली. दिशेचे ज्ञान देहालाही असते ते असे!

म्हणून हे यंत्र फेकून द्यावे काय? मुळीच नाही. ड्रॉइंगच्या तासाला एखादा ठोकळा वरून कसा दिसेल, बाजूने कसा दिसेल, हे न उमगणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांना याचा मोठा उपयोग होईल. मात्र क्रम पाळला पाहिजे. आधी ठोकळा समोर ठेवून कल्पनेने आकृती काढावी. मग चष्मा चढवून, खुर्चीवर बसून न राहता, स्वतः वळून-फिरून ती पडताळावी. आणि शेवटी चष्मा उतरवून नव्या ठोकळ्याची आकृती काढावी. ही तिसरी पायरी जमली, तरच काही शिकलो असे म्हणता येईल.

आमच्या प्राध्यापकांनी परीक्षा घ्यावी ती या तिसऱ्या पायरीची. यंत्र विकत घेणे सोपे आहे. तासाची आखणी बदलणे अवघड. महाविद्यालयाने हे अवघड काम आधी हाती घ्यावे.