ग्लायडरच्या शर्यतींतील वजनाचा न्याय

शाळेच्या क्रीडादिनीं लहान मुलांस मोठ्यांच्या दहा पावलें पुढें उभें करून शर्यत सुरू करितात, व त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं. पुण्यामुंबईच्या घोड्यांच्या शर्यतींत हाच हेतु निराळ्या रीतीनें साधतात. जो घोडा वारंवार जिंकतो त्याच्या पाठीवर अधिक वजन देतात. परंतु जें यंत्र इंजिनावांचून, केवळ वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या आधारावर, शेंकडों किलोमीटर जातें, त्या ग्लायडरच्या शर्यतींत हा न्याय कसा करावयाचा? त्याचें जें उत्तर तज्ज्ञांनीं काढलें आहे, तें कांहीं दोष धरूनहि मला घोड्यांच्या शर्यतींतील उत्तराहून अधिक योग्य वाटतें.

या शर्यतींत 'क्लब क्लास' नांवाचा एक वर्ग आहे. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २००१ सालीं ऑस्ट्रेलियांतील गॉलर येथें झाली. त्यांत निरनिराळ्या बनावटींचे ग्लायडर एकत्र उडतात, म्हणून प्रत्येक बनावटीस हँडिकॅपचा एक आंकडा दिलेला असतो, व वैमानिकानें मिळविलेला वेग त्या आंकड्यानें भागितात. समजा, १.१० आंकड्याच्या ग्लायडरनें ताशीं १०० किलोमीटर वेग मिळविला व १.०० आंकड्याच्या ग्लायडरनें ९२. पहिल्याच्या पदरीं सुमारें ९०.९ पडतात, आणि मागून आलेला दुसरा जिंकतो! हा आंकडा वैमानिकाच्या विजयांवरून ठरवीत नाहींत. कोणत्या वेगास यंत्र दर सेकंदास किती खालीं उतरतें, हें पाहून व हवेचा चढ अमुक इतका असें गृहीत धरून, तें सरासरी किती वेगानें प्रवास करील याचें गणित करितात. यंत्राच्या गुणाचा कर यंत्रानें द्यावा, पण वैमानिकाच्या कौशल्यावर कर बसूं नये. परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुलाचे पुढच्या वर्षीं गुण कापावे असें कोणता पालक म्हणेल?

आतां वजनाचा गुंता पाहा. वजन वाढल्यानें ग्लायडर लवकर खालीं येईल अशी सामान्य समजूत आहे, पण ती अर्धीच खरी आहे. शांत हवेंत अमुक उंचीवरून तो जास्तींत जास्त किती दूर जाईल, हें वजनानें जवळजवळ बदलत नाहीं. तें अंतर तो अधिक वेगानें तोडतो, एवढेंच. हा वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. वजन शेंकडा २१ वाढविलें तर वेग शेंकडा १० वाढतो. मात्र चक्राकार फिरून उंची मिळवितांना, तितकाच कल ठेवला तर, त्याचें वर्तुळहि शेंकडा २१ मोठें होतें, आणि अरुंद प्रवाहाचा जोरदार गाभा हातचा निसटतो. कडक उन्हाच्या दिवशीं जें वजन वरदान, तेंच ढगाळ दिवशीं ओझें. म्हणूनच इतर कांहीं वर्गांत पंखांत पाणी भरून उडतात व हवा मंदावली कीं तें सोडून देतात. क्लब क्लासमध्यें पाण्याची मुभा नाहीं.

यादींत प्रत्येक बनावटीचें एक प्रमाण-वजन दिलेलें असतें. वैमानिक, पॅराशूट इत्यादि धरून एकूण वजन त्याहून अधिक भरलें तर आंकडा चढवितात. स्थूल देहाच्या वैमानिकांस हें झोंबतें. देह कांहीं पाण्यासारखा वाटेंत सोडून देतां येत नाहीं, आणि मंद हवेच्या दिवशीं त्यांस दुहेरी शिक्षा होते: वजन वर चढूं देत नाहीं, आणि वर आंकडाहि वाढलेला! ही तक्रार खरी आहे. तरीहि भार शिशाचा कीं मांसाचा हें हवा विचारीत नाहीं, म्हणून एकूण वजनच मोजलें पाहिजे असें माझें मत आहे.

मग त्या त्या दिवसाची हवा पाहून आंकडा मागाहून ठरवावा, अशी एक सूचना सुचण्याजोगी आहे. गणिताच्या दृष्टीनें ती अधिक अचूकहि ठरेल. पण मला ती मान्य नाहीं. पुढच्या ढगाखालीं चढ मिळेल या आशेनें उंची पणास लावावी, कीं आहे तेथेंच घिरट्या घालाव्या, हा निर्णय वैमानिकास आकाशांत एकट्यानें घ्यावा लागतो. ज्या मापानें आपल्याला मोजणार तें माप त्यास उडण्यापूर्वींच ठाऊक असलें पाहिजे. तें थोडें चुकलेलें असलें तरी चालेल, कारण त्याची चूक सर्वांस आधींच दिसते, आणि यादी दुरुस्त करण्याचें काम स्पर्धा संपल्यावर, कोण जिंकला याकडे न पाहतां, करतां येतें.