ब्राउनीच्या लसीची तारीख सांगा!

तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर एक कुत्रा असणारच, किंवा परवापर्यंत तरी होता. ब्राउनी, काळू, मोती, नाहीतर थेट ‘एचओडी’. वडापावातला अर्धा पाव त्याचा, लेक्चर बंक करणाऱ्यांच्या घोळक्यात तो आणि फ्रेंडशिप डेच्या स्टोरीतही तोच. कॅप्शन ठरलेलं : ‘माणसांपेक्षा कुत्रे बरे.’

माझं भांडण या कॅप्शनशी आहे. त्यात माणसांवरचा राग दिसतो, कुत्र्यासाठी काय केलं ते दिसत नाही.

कुत्र्यांकडून शिकायचं म्हटलं की आपली गाडी हाचिकोवर येते. टोकियोतले प्राध्यापक उएनो 1925 मध्ये अचानक वारले आणि त्यांचा हाचिको 1935 मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. 2009 चा सिनेमा पाहून तुम्ही रडला असाल, मीही रडले. पण रीलवाले या गोष्टीतला एक भाग हमखास गाळतात. सुरुवातीची कितीतरी वर्षं स्टेशनवरच्या लोकांना हा कुत्रा म्हणजे ब्याद वाटायची. त्याला हाकलायचे, त्रास द्यायचे. मग 1932 मध्ये पेपरात त्याच्यावर लेख छापून आला आणि लोक खाऊ घेऊन येऊ लागले. 1934 मध्ये तर तो जिवंत असतानाच त्याचा पुतळा उभा राहिला. कुत्रा तोच, स्टेशन तेच. मधल्या काळात फक्त त्याची ‘स्टोरी’ झाली होती.

आणि स्टोरी होण्याआधी त्याला घरी ठेवून घेतलं कुणी? उएनोंच्या जुन्या माळ्याने. त्या माळ्यावर कुणी रील करत नाही.

तेव्हा निष्ठाबिष्ठा हे मोठे शब्द जरा बाजूला ठेवू या. 2012 मध्ये लंडनच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रे होते 18. त्यांच्यासमोर माणूस कधी नुसता गुणगुणायचा, कधी रडण्याचं नाटक करायचा. गुणगुणणाऱ्याजवळ 6 कुत्रे गेले, रडणाऱ्याजवळ 15. रडणारा मालक आहे की परका, याची त्यांनी फिकीर केली नाही. यावरून कुत्र्याला आपलं दुःख कळतं असं सिद्ध होत नाही, संशोधकांनीही तसं म्हटलं नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट आवडते, की ते उठून जवळ गेले.

आता तुमचा तो रूममेट आठवा. केटी लागल्यापासून मेसमध्ये न दिसणारा. ग्रुपवर आपण त्याला ‘स्ट्राँग राहा भावा’ टाकतो, वर दोन हार्ट. पण त्याचं दार वाजवायची वेळ आली की पाय अडतो. जाऊन बोलायचं काय? कुत्र्याला हा प्रश्नच पडत नाही. तो येतो, शेजारी बूड टेकतो, आणि तुम्ही गप्प राहिलात तर तोही गप्प. सल्ला नाही, ‘मी तुला आधीच सांगितलं होतं’ नाही. आपल्याला का जमू नये? चहा घेऊन जा हवं तर. हातात काहीतरी असलं की अवघडलेपण कमी होतं.

हे झालं कुत्र्याने आपल्यासाठी केलेलं. आपण त्याच्यासाठी काय केलं, हा हिशेब जरा झोंबणारा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवारा केंद्रांत ठेवायचा आदेश दिला. स्टोऱ्यांचा पाऊस पडला. तुटलेली हार्टं, हॅशटॅग, सगळं. त्यातल्या किती जणांना आपल्या ब्राउनीला रेबीजची लस कधी दिली, ते माहीत होतं? नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच असते, ती कुणी बघितली होती? पाव सगळ्यांनी घातला. गाडी बोलावून त्याला दवाखान्यात न्यायला दोघं-तिघंच असतात, आणि ते नेमके स्टोरी टाकत नसतात.

दुसरी बाजूही ऐकायची तयारी ठेवा. कुत्र्यांना घाबरून लांबच्या गेटने येणारी फर्स्ट इयरची मुलगी निर्दयी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तिची भीती हवेतली नाही. हॉस्टेलच्या दारातच बिस्किटांचा पुडा फोडून दहा कुत्री गोळा करायची आणि रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी काठी घेऊन उभं राहायचं, याला प्राणिप्रेम कसं म्हणायचं? काकांची काळजी घेणारं कुणी नको का? आपल्या मायेचा भार दुसऱ्यावर पडत असेल, तर तो उचलायलाही आपणच पुढे व्हायला हवं.

तुमच्या कॅम्पसवरून ब्राउनीला नेलं असेल, तर कुठे नेलं हे ऑफिसात विचारलंत का? नसेल विचारलं, तर सोमवारी विचारा. पत्ता मिळाला तर आधी फोन करून एखाद्या रविवारी सकाळी जाऊन या. पिंजरे धुवायला, पाणी भरायला, जखमेवर मलम लावताना कुत्र्याला धरायला माणसं लागतात. जुने कपडे घालून जा, वास येतो. आणि त्या रूममेटलाही सोबत घ्या.