ही ब्राह्मीच का?

बुऱ्हाणपूरच्या एका वाचक भगिनी विचारतात : शेजारणीने दिलेल्या रोपाचे दोरे कुंडीबाहेर पळतात, टेकतील तिथे मूळ धरतात. पाने गोल. शेजारीण ब्राह्मी म्हणते. मुलांना चटणी करून द्यावी का?

थोडे थांबा. आधी पान उलटे करून देठ पाहा. घोड्याच्या टापेसारखे पान आणि खाचेतून निघालेला देठ असेल, तर ती बहुधा मंडूकपर्णी, म्हणजे आपल्याकडच्या कानडी घरांतली ओंदेलग. तंबुळी करतात ती हीच. ‘ओंदु एले’, एका देठाला एक पान. नाव किती नेमके! पण इथे तेवढ्याने भागत नाही. पानाच्या मधोमध छत्रीच्या दांडीसारखा देठ असेल, तर ती शोभेची हायड्रोकोटाइल. तिलाही देठागणिक एकच पान असते, आणि ब्राह्मी म्हणून तीही हातोहात फिरते. ती ताटात नको.

वैद्यांची दुसरी ब्राह्मी, जलब्राह्मी, वेगळीच : चिमुकली, जाडसर पाने समोरासमोर जोडीने.

ओळख पटली तरी गटाराच्या कडेची पाने खुडू नयेत. घाणीतले नको ते पानांत उतरते. गरोदरपणी किंवा यकृताची तक्रार असल्यास वैद्यांना विचारावे. आणि बुद्धी वाढेल म्हणून मुलांना वाटीवाटीने पाजू नका, चवीपुरती तंबुळी पुष्कळ.

बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात कुंडी सावलीत ठेवा, माती ओली राहू द्या. दोरा मुळांसकट कापून लावला की नवे रोप तयार. शेजारणीलाही परत एक द्या, देठ दाखवून.