लाटेवर जायला रजा हवी

द्वितीय वर्ष, कला

सुट्टी म्हणजे काय, हे सर्वांना सारखेच ठाऊक असते अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. सुट्टी आणि रजा, गाव आणि सहल हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. त्या घोटाळ्यात काही घरांच्या वाट्याला सुट्टी कधी आलीच नाही, ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. मला लिहायचे आहे ते अशा घरांविषयी. निमित्त मात्र हलकेफुलके आहे. जानेवारीत चार दिवस गोव्याला हरमलच्या किनाऱ्यावर जायचे आणि लाटेवर फळी घेऊन उभे राहायला शिकायचे, असा आम्हा तीन मैत्रिणींचा बेत आहे.

या खेळाला सर्फिंग म्हणतात. तो मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांचा. हवाईतील लोक पिढ्यान्‌पिढ्या तो खेळत. एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या मिशनऱ्यांना हा रिकामटेकडेपणा वाटे. पुढे हवाईचाच ड्यूक कहानामोकू १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून जगभर प्रसिद्ध झाला आणि त्याने हा खेळ दूरदूरच्या किनाऱ्यांवर नेला. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला. आपल्याकडे कर्नाटकात मुल्कीला आणि गोव्यात आश्वे, हरमल, आगोंद या किनाऱ्यांवर तो शिकवतात. पावसाळ्यात दर्या खवळलेला, तेव्हा नवशिक्याने नादच करू नये. पाऊस सरल्यावर लाटा लहान होतात, कमरेएवढ्या पाण्यात शिकता येते. त्यातही सकाळची वेळ बरी, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी विस्कटते. डिसेंबरअखेर गोव्यात राहण्याचे दर आकाशाला भिडतात. म्हणून जानेवारी, आणि तोही शनिवार-रविवार टाळून.

हा बेत वर्गात सांगितला तेव्हा एक मैत्रीण चटकन म्हणाली, ‘‘तुला काय गं, तुझं गाव आहे की कोकणात! उगाच पैसे कशाला घालवतेस?’’ तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण या एका वाक्यात सगळा घोटाळा आहे.

आमचे गाव कणकवली तालुक्यात. मी जन्मापासून वागळे इस्टेटमध्ये राहते. आमच्या चाळीत सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा अशा सगळ्या जिल्ह्यांची माणसे आहेत, आणि मे महिना आला की निम्म्या खोल्यांना कुलपे लागतात. ‘सुट्टीला गेले’ असे शेजारी म्हणतात. तेथे जाऊन आम्ही काय करतो? पावसाआधी कौले चाळून घ्यायची, फुटलेली बदलायची, लाकडे फोडून पडवीत रचायची. सातबाऱ्यावरच्या नावासाठी तलाठ्याकडे दोन खेपा. एखादे लग्न, एखादे वर्षश्राद्ध. आजीला डॉक्टरकडे नेऊन आणायचे. आई तर ठाण्यातली चूल सोडून गावातल्या चुलीपुढे बसते. फरक एवढाच की तेथे माणसे जास्त आणि धूर जास्त. मला गाव आवडते, कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण ते कर्तव्य आहे. कणकवलीहून मालवणचा समुद्र तासा-दीड तासावर आहे, आणि एकोणीस वर्षांत मी तो दोनदा पाहिला. दोन्ही वेळा कुणाच्या तरी कामासाठी गेलो होतो. पाय भिजवले आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून परत फिरलो.

गाव वेगळे आणि सहल वेगळी, हे मी एकटीच म्हणते आहे असे नाही. सरकारही तेच म्हणते! केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळते. तिचे दोन भाग आहेत, एक ‘स्वग्राम’ आणि दुसरा ‘भारतात कुठेही’. ज्याने हा नियम लिहिला, त्याला माणसाची गरज नेमकी कळली होती. म्हाताऱ्या आईबापांना भेटायला जाणे हे एक, आणि मुलाबाळांना घेऊन नवा मुलूख पाहणे हे दुसरे. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. दुःख इतकेच की हे शहाणपण सरकारी नोकरीच्या कुंपणाबाहेर फारसे आले नाही.

आमच्या वस्तीत ते कसे दिसते ते सांगते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या पहिल्यावहिल्या वसाहतींपैकी एक. माझे बाबा येथल्या एका कारखान्यात पर्मनंट होते. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम भरले की पुढे दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे. त्या रजेच्या जोरावर आमचा मे महिना आणि गणपती निभावत असे. मी चौथीत असताना कारखाना बंद पडला. तेव्हापासून बाबा दुसरीकडे ठेकेदारामार्फत काम करतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि पगारी रजेसाठीची २४० दिवसांची अट १८० वर आली. ऐकायला चांगले वाटते. पण ठेकेदार बदलला की बाबांची नोकरी कागदावर नवी होते आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू. त्यांच्या बाबतीत रजा हा शब्द गेला, त्या जागी ‘खाडा’ आला. रजेचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो.

याच रस्त्यांवर जुन्या शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. चहाच्या टपरीवर तेथली मंडळी गळ्यात ओळखपत्रे अडकवून उभी असतात आणि वर्षभरातल्या जोडून येणाऱ्या सुट्ट्या पाठ म्हणून दाखवतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. (थोडा वाटतो.) माझे म्हणणे असे की, बेत करणे ही कला पैशाआधी दिवसांवर अवलंबून आहे. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करावे लागे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची झाली. साठ दिवसांनंतरच्या मंगळवारी मी मोकळा असेन, असे ज्याला खात्रीने सांगता येते त्यालाच कोकणकन्येचे तिकीट मिळते. उरलेल्यांसाठी दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी आहे, सकाळी निघून संध्याकाळी पोचवणारी.

फ्रान्समध्ये १९३६ साली लेओं ब्लूमच्या सरकारने सर्व कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि तिच्याबरोबर सवलतीची रेल्वे तिकिटेही काढली. त्या उन्हाळ्यात कितीतरी गिरणी कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. तेव्हाही काही प्रतिष्ठित मंडळींनी नाके मुरडली होती, की किनाऱ्यावर आता कसली कसली माणसे येऊ लागली! संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातले चोविसावे कलम विश्रांतीचे आणि ठरावीक काळाने मिळणाऱ्या पगारी रजेचे आहे. आपण राज्यशास्त्राच्या तासाला हा जाहीरनामा वाचतो, पण या कलमाशी आलो की पान उलटतो. जणू ते चुकून आत शिरले असावे.

आता पैशाचा आक्षेप. सर्फिंगची एक शिकवणी दीड-दोन हजारांच्या घरात जाते, म्हणजे बाबांची जवळजवळ तीन दिवसांची हजेरी. मी चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्यातून दोन वर्षे साठवले आहे. ‘‘एवढ्यात इंग्रजीचा क्लास झाला असता,’’ असे आमच्या नात्यातले एक काका म्हणाले. झाला असता. पण आमच्यासारख्या घरातल्या, पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांनी मिळालेला प्रत्येक रुपया उपयोगीच असला पाहिजे, हा नियम कुणी केला? डॉक्टरचा मुलगा मनालीला जाऊन येतो तेव्हा त्याला कुणी क्लासची फी विचारत नाही. गरिबाने अभ्यास करावा, नोकरी करावी, आणि खेळावे मात्र पुढच्या पिढीने, हा हिशेब माझ्या आजोबांनी केला, बाबांनी केला. मी तो मान्य करीत नाही. चैन आणि विश्रांती यांतली रेघ दुसऱ्याच्या खिशाकडे पाहून ओढू नये.

आमच्या घरात खरी अडचण वेगळीच निघाली. गाडी कणकवलीला थांबणार आणि आम्ही उतरणार नाही! आईला हे भयंकर वाटले. फलाटावर कुणी ओळखीचे दिसले तर काय सांगायचे? आजीला कळले तर? दोन दिवस हाच विषय चालला. शेवटी येताना एक दिवस गावी उतरायचे ठरले, आणि मग आईनेच विचारले, ‘‘तिथं नुसतं बसायला चालतं का गं?’’ आता ती बरोबर येते आहे. परतीला ती म्हणते एस.टी.नेच येऊ, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणून बांदा ओलांडून मग बसायचे. हा शोध तिचाच.

मी महापालिकेच्या तरणतलावात नाव घातले आहे. श्वास अजून बाराव्या हाताला संपतो. बाबांचे मात्र ठरत नाही. चार खाडे पडले तर महिन्याच्या पगारात किती राहतील, हे त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने मांडले आहे. काल त्यातला एक दिवस खोडून तीन केले आहेत.