पाणी आणलें; तें जाणार कोठें ?

बीड शहरांत पाण्याचा विषय निघाला, कीं धरणांत पाणी किती, नळ कोणत्या दिवशीं येणार व टँकरचा भाव काय, एवढीच चर्चा होते. घरांत आलेलें पाणी वापरल्यानंतर जातें कोठें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वहींत जमेची बाजू तेवढी लिहून खर्चाची बाजू कोरी ठेवणारा गुमास्ता आमचा कोणताहि व्यापारी एक दिवस पदरीं ठेवणार नाहीं. मग नगराच्या वहींत तोच कारभार आपण मुकाट्यानें कां चालूं द्यावा ?

हिशेब अवघड नाहीं. २०११ सालच्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या १ लाख ४६ हजारांवर भरली. भुयारी गटारें असलेल्या शहरास माणशीं रोज १३५ लिटर पाणी मिळावें, असें सरकारी प्रमाण आहे. त्या मानानें रोजची गरज २ कोटी लिटरांच्या घरांत जाते; आणि वापरलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ८० भाग सांडपाणी होतो, म्हणजे दीड कोटी लिटरांहून अधिक. त्यास वाट करून दिली नाहीं, तर तें आपली वाट आपणच शोधतें, आणि ती बिंदुसरेची. बिंदुसरा सिंदफणेस मिळते, सिंदफणा माजलगांवच्या धरणांत शिरते, आणि त्याच धरणांतून बीडच्या नळांस पाणी येतें ! आज आपण दाराबाहेर लोटलेलें पाणी फिरून उद्यां आपल्याच तांब्यांत येऊं पाहतें.

"आधीं प्यावयास पाणी मिळूं द्या, गटारांचें मग पाहूं," असें म्हणणारे शहाणे गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. पण त्यांचा विचार अपुरा आहे. गटार नसलेल्या शहरास माणशीं ७० लिटरांचें प्रमाण आहे आणि गटार असलेल्यास १३५ चें, याचें एक कारण असें, कीं पुरेशा पाण्यावांचून भुयारी नळींतील मैला वाहत नाहीं, तो सांचून राहतो. उलट पक्षीं, दिवसचे दिवस कोरडा राहणारा नळ फुटका असेल, तर शेजारच्या गटारींतील घाण तो आंत ओढून घेतो व पाणी सुटतांच घरोघर पोंचवितो. पाण्यावांचून गटार निरुपयोगी आणि गटारावांचून पाणी घातक. हीं दोन कामें नव्हत. तें एकच काम आहे.

हें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे काय ? सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या अमदानींत, सलाबतखानानें याच गांवाजवळ खजाना विहीर बांधविली. जमिनीखालून पाणी नेऊन त्यावर शेती पिकविण्याची ती योजना होती. नजरेआडच्या कामाचीहि निगा राखावी लागते, हें ज्या भूमीस चार शतकांपूर्वीं ठाऊक होतें, तेथें आज केवळ भूमिपूजनावर समाधान मानावें, ही लाजिरवाणी गोष्ट होय. केंद्र सरकारच्या २०१५ सालच्या 'अमृत' अभियानांत बीडचा समावेश झाला व पाणीपुरवठा आणि भुयारी गटार या दोन्ही योजना हातीं घेण्यांत आल्या. तथापि पैसा मंजूर होणें निराळें आणि नळी घरास जोडली जाणें निराळें.

१९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमानें पाणीपुरवठा व जलनिस्सारण हीं नगरपरिषदेचीं आवश्यक कर्तव्यें ठरविलीं आहेत; तीं कोणाची मेहेरबानी नव्हे. तेव्हां किती घरें गटारास जोडलीं, किती सांडपाणी शुद्ध झालें व किती नदींत गेलें, याचा हिशेब दर महिन्यास जाहीर व्हावा, अशी मागणी नागरिकांनीं केलीच पाहिजे. मात्र हिशेब मागणाऱ्यानें पट्टी थकवूं नये, चोरून नळ घेऊं नये, आणि आपलें न्हाणीघर रस्त्यावर मोकळें सोडूं नये. शिवाय, माणसास गटारांत उतरवून मैला काढविणें २०१३ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. यंत्रांचा खर्च योजनेच्या पहिल्या दिवसापासूनच धरला पाहिजे. एका गरिबाच्या प्राणावर सगळ्या गांवाची स्वच्छता उभारणें हा अधर्म होय.

नळाची तोटी आपल्या घरांत असते, म्हणून ती आपली वाटते. गटार रस्त्याखालीं असतें, म्हणून तें परक्याचें वाटतें. ही समजूत जाईल, त्याच दिवशीं बीडचा पाण्याचा प्रश्न सुटूं लागेल.