आधी वरचा बोल्ट!

सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतलीत आणि ऑइल घरीच बदलणार? सही! पण आधी मॅन्युअल उघडा. 2014मध्ये आलेल्या सेलेरियोसारखी एएमटी असेल, तर आत साधं गिअर ऑइल असतं. लालभडक एटीएफ ओतू नका. सीव्हीटीचं आणखी वेगळं.

आता माझा पराक्रम. लालबाग, चाळीचं आवार, रविवार सकाळ. खालचा बोल्ट काढला, काळपट ऑइल परातीत. डिपस्टिक नाही, म्हणजे भरायचं वरच्या बोल्टमधून. तो जाम! ढिम्म हलेना. गाडी टो करून परळला न्यावी लागली. तेव्हा वरचा आधी सैल करा, मगच खालचा. निघालं तेवढं मोजून भरा, लेव्हल तपासा. बरंच जुनं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतंच, घाबरू नका.

परात आईची होती. नवी आणलीय, दादरहून.