सिलिका: स्फटिकाचा दोष की पृष्ठभागाचा?

सिलिकोसिस होतो तो क्वार्ट्झसारख्या स्फटिकी सिलिकेच्या धुळीने, तेव्हा अस्फटिकी सिलिकेचे नॅनोकण रोगप्रतिकारक पेशींना निरुपद्रवीच असणार, हा पूर्वपक्ष वरवर भक्कम दिसतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवली आणि अस्फटिकी सिलिकेला वर्गीकरणापुरता पुरावा नसलेल्या तिसऱ्या गटात ठेवले, याचाच दाखला बहुधा दिला जातो. पण पुरावा अपुरा आहे, या निर्णयाला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र समजणे हा तर्कदोष आहे.

मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या रक्षक पेशी, क्वार्ट्झचा कण गिळतात तेव्हा तो लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पाचक पिशवीत, जाऊन तिचे पटल फाडतो. त्यातून सांडलेल्या विकरांमुळे एनएलआरपी३ हा प्रथिनसंच कार्यान्वित होतो आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह चेतवणारे प्रथिन बाहेर पडते. २००८ साली उलगडलेल्या या साखळीत पटलाला भिडतो तो कणाचा पृष्ठभाग. त्या पृष्ठभागावरील सिलॅनॉल, म्हणजे सिलिकॉनला जोडलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, एकमेकांपासून विशिष्ट अंतरावर जवळपास सुटे राहिले की पटल दुखावते, असे तुरिन येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० साली दाखवले. आणि असे गट अस्फटिकी सिलिकेवरही असू शकतात. हजार अंशांवरील ज्वालेत बनलेली सिलिका द्रावणात बनलेल्या सिलिकेपेक्षा पेशींना अधिक जाचते, याचे मूळही अतिवेगाने थंड झालेल्या तिच्या ताणलेल्या पृष्ठभागात आहे.

म्हणून नॅनोकण म्हणजे विषच, हा उलट टोकाचा ओरडाही टिकत नाही. रक्तद्रव न घातलेल्या माध्यमात पेशींवर उघडे कण टाकले की हानी जास्त दिसते, तर रक्तद्रवातील प्रथिनांचे आवरण चढल्यावर ते पेशींना कमी चिकटतात. परीक्षानळीतील भीषण आकडे पुष्कळदा या नग्नतेचे असतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण दिलेले सहा-सात नॅनोमीटरचे सिलिकाकण अमेरिकेत कर्करोगाच्या ५ रुग्णांना टोचण्यात आले, तेव्हा २०१४च्या अहवालानुसार ते सोसले गेले. रुग्ण थोडेच होते, हे खरे; परंतु सरसकट विषारीपणाचा दावा खोडायला तेवढे पुरे आहेत.

तेव्हा प्रश्न विचारायचा तो कणाच्या निर्मितिपद्धतीचा, पृष्ठभागाचा आणि आवरणाचा. खाद्यपदार्थांतील ई५५१ या एकाच क्रमांकाखाली ज्वालेतली आणि द्रावणातली, अशा दोन्ही सिलिका येतात, आणि वेष्टनावरून त्यांतली कोणती वापरली आहे हे कळत नाही.